इनामदार साहेबांचा रिकामा डबा

आमच्या हडपसरच्या ऑफिसात कुणाचाही प्रोग्राम तपासायला घेतला, की इनामदार साहेब नमस्कार-चमत्कार न करता विचारतात, "डबा कुठंय?"

साहेबांच्या लेखी प्रोग्राममधला क्लास, म्हणजे माहिती ठेवायचा साचा, हा मांडलेला संसार आणि त्यातली यादी म्हणजे साखरेचा डबा. यादीचं नुसतं नाव लिहून पुढे जाणारे लोक फळीवर 'साखर' अशी चिठ्ठी चिकटवतात आणि डबा ठेवायलाच विसरतात, असं त्यांचं म्हणणं. "अहो, चिठ्ठी सुरेख लावलीत आपण. साखर आता ओतू कशात, माझ्या खिशात?" हे ते इतक्या अदबीनं विचारतात की समोरच्याला आधी आपलं कौतुकच वाटतं.

रिकामा डबा आणि नसलेला डबा यांतल्या फरकावर ते चहा गार होईपर्यंत बोलू शकतात. रिकाम्या डब्याला विचारा साखर किती, तो 'शून्य' म्हणतो. नसलेल्याला विचारा, अख्खा प्रोग्राम कोसळतो. मला हे पटतं, पण रोज ऐकावं इतकं नाही.

आमची केतकी मात्र हुज्जत घालते. "सर, रिकामे डबे कशाला मांडून ठेवायचे? लागेल तेव्हा बनवू ना. मेमरी वाचते."

"वाचव, वाचव. रुखवतात मांडायला होईल."

साहेब आणि शबाना वहिनींनी मुलगी दत्तक घेण्यासाठी अर्ज केलाय. वाट बघण्यात बराच काळ गेलाय. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच कुणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात केतकीनं कर्मचाऱ्यांच्या कौटुंबिक विम्याचं पान तयार केलं. चाचणीसाठी रचलेल्या प्रत्येक खोट्या कर्मचाऱ्याला तिनं उदार मनानं दोन-दोन मुलं दिली होती, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं. मग सर्वांसमोर मोठ्या पडद्यावर दाखवताना कुणीतरी म्हणालं, साहेबांचंच नाव टाका. टाकलं. मुलांच्या रकान्याशी येऊन पान कोसळलं आणि पडदाभर लाल अक्षरं पसरली. पहिलं मूल येईपर्यंत केतकीच्या प्रोग्राममध्ये मुलांची यादी तयारच होत नव्हती.

कुणी हसलं नाही. मला केतकीचा असा संताप आला की काय सांगू. ती बिचारी रडवेली झाली होती.

साहेब खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "अगं, ज्याच्याकडे अजून काही नाही, त्याच्यासाठीच तर डबा आधी मांडायचा." तिनं रिकामी यादी आधीच मांडणारी एक ओळ लिहिली. पान उघडलं. मुलं: शून्य.

"छान," साहेब म्हणाले. "आता खालचं 'नवीन जोडा' दाबून बघ. ते चाललं पाहिजे."

नावासाठी कोरी चौकट उघडली.

"नाव काय टाकू, सर?" केतकीनं हळूच विचारलं.

साहेबांनी खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली. मला त्यांच्याकडे बघवेना.

"कोरंच राहू दे," ते म्हणाले. "तिचं नाव तिला असेलच ना. आली की तिलाच विचारू."