सणसरच्या निळ्या टबाची मोहीम

दुपारची निजानीज असतां स्वयंपाकघरांत झाकण खणाणलें, आणि तेथोन फत्तेचा ओघ लागला. मूळ हकीकत ऐसी जे, मौजे सणसर, प्रांत इंदापूर, येथील ऊसपति दिग्विजयराव, आमचे यजमान, यांणीं बारामतीस शिबिर करोन शेवाळाचें बीज एक बाटली हस्तगत केलें, आणि शेणावर हिरवें पाणी वाढवोन शेततळ्यांतील माशांस चारावें ऐसी मसलत केली. मग जागेची निकड पडली म्हणोन कन्या छकुली इचें आंघोळीचें सिंहासन, जो निळा टब, तो सरकारजमा जाहला. लेकीनें गाल फुगवोन तक्रार गुदरली, ती आमचे कुशीपलीकडे कोणी ऐकिली नाहीं.

राव आजवर उसाशींच झुंजलेले. खत म्हणजे पाटीनें, ऐसें समजोन ताज्या शेणाची भरली पाटी टबांत रिचविली आणि मिशीवर हात फिरविला. पाणी काळें ठिक्कर पडलें, ऊन आंत शिरेना, निम्में बीज जागींच पडलें आणि दुर्गंधीनें आळी जेर केली. शिबिरांत पातळ, गाळलेलें पाणी सांगितलें होतें. परंतु ते समयीं राव जेवणाचे रांगेंत आघाडीस होते, ऐसें कळतें.

तेव्हां मातोश्री द्वारकाबाईसाहेब यांचा हुकूम सुटला कीं, पाडव्यापावेतों टब हिरवा न जाहल्यास उरलें बीज उकिरड्यांत आणि टब नातीस परत. रावांस घास गोड लागेना. आम्हांस हंसूं येत होतें आणि कीवही.

मग ते दुपारीं जें झाकण वाजलें, तें राव पुरणाची चाळण पळवितां वाजलें. कुजविलें शेण तिजमधोन गाळोन, कोऱ्या चहासारखें फिकें पाणी बीजास पाजिलें, आणि हिरवळ धरली. मातोश्रींनीं चाळण ओळखिली आणि शांतपणें वदल्या,

"दिग्या, पाडव्याचं पुरन आता त्या टबातच वाट."

येणेंप्रमाणें ऐन पाडव्यास टब पोपटी जाहला, राव भावकीस बोलावोन दाखवीत सुटले, जणों अटक जिंकिली. मोहीम फत्ते, चाळण तेवढी रणीं पडली, ऐसी नोंद केली असे.

ते समयीं मातोश्री गाईंचा हौद घासोन, हिरवें शेवाळ मुठीमुठीनें नालींत लोटीत होत्या. छकुलीनें टब पाहिला, हौद पाहिला, आणि आमची ओढणी ओढोन हळूच पुसिलें,

"आई, ह्ये चांगलं हाय, तर मग आजी इतकी वर्सं का फेकून देती?"