गाडेकाकूंची गाळणी

माझे जेवढे कान शिल्लक आहेत, तेवढे गाडेकाकूंमुळे आहेत. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना तऱ्हेवाईक म्हणाल, भांडखोर म्हणाल, आणि त्यात खोटं काही नसेल.

नवी वस्तू घरात आली की लोक ती चालू करून बघतात. काकू आधी तिचे स्क्रू काढतात. वॉरंटीचं स्टिकर नखानं खरवडून टाकतात आणि मग चष्मा कपाळावर चढवून आत डोकावतात. मिक्सर असा उघडला, इस्त्री उघडली, टीव्हीचा रिमोटसुद्धा सोडला नाही. "उघडल्याबिगर कळंल कसं, कुणाला घरात घेतलंय ते?" टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या काकूंनी वायरी सोडून दुसऱ्या कशावर कधी विश्वास टाकला नाही.

जुन्या जालन्यातल्या त्यांच्या घराची वरची खोली मला देताना त्यांनी मलाही असंच उघडलं होतं.

"गाव कोणतं?"

"भंडारा जिल्हा जी. लाखांदूरकडं."

"इतक्या लांबून? शाळा?"

"नववीतून सोडली जी. घरी अडचण होती."

"अडचण समद्यालाच असती. गणित येतं का?"

"थोडं येते जी."

"मंग ऱ्हा. आन् ते 'जी' जरा कमी कर."

ते मला अजून जमलेलं नाही.

काकूंचा सगळ्यात मोठा नाद म्हणजे टेबलावरची एक काळी डबी. मोबाइलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे असतात, त्या आकड्यांचा आवाज करून स्पीकरकडं धाडायचा, एवढंच त्या डबीचं काम. पण आकड्यांचा आवाज होताना नको ती बारीक कचकचही सोबत येते. ती अडवायला आत एक गाळणी असते. जाळीची नव्हे, आयसी नावाच्या छोट्या चिपभोवती जोडलेल्या रेझिस्टर आणि कपॅसिटर या बारीक भागांची. रेझिस्टर मोठा लावला की गाळणी बारीक होते, कचकच जाते, पण गाण्यातले वरचे सूरही अडकून बसतात. लहान लावला की सूर मोकळे होतात आणि त्यांच्यामागून कचकचही घरात शिरते. मधला नेमका कोणता लावायचा, या एका प्रश्नावर काकू मी यायच्या कितीतरी आधीपासून अडून बसल्या होत्या.

"कंपनीनं एक लावलेलाच आहे ना जी?" मी एकदा विचारलं.

"कंपनीनं लावला म्हणून मी ऐकू का? कंपनी काय जालन्यात राहती?"

रेझिस्टरवर आकडा नसतो, रंगाचे पट्टे असतात, त्यावरून किंमत ओळखायची. काकूंचा लाडका म्हणजे लाल-लाल-लाल. तो लावला की आवाज "बराबर, दुधावर साय आल्यावानी" होतो, असं त्यांचं म्हणणं. पण स्वतःच्या म्हणण्यावरही त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून परीक्षा असायची. त्या एक रेझिस्टर काढून दुसरा सोल्डरिंगचा डाग देऊन बसवणार आणि एक जुनं भीमगीत लावणार. त्यात कडव्याच्या शेवटी झांज वाजते, ती झांज नीट ऐकायची. परीक्षक दोन: समोरच्या दुकानातले टेलर मजीदभाई आणि मी. आतमध्ये काय लावलंय ते सांगायचं नाही, हा कडक नियम. "सांगितलं की लोक डोळ्यानं ऐकतेत," असं म्हणून काकू आमच्याकडं पाठ करून बसायच्या, चेहऱ्यावरूनही काही कळू नये म्हणून.

मजीदभाई दुकानाच्या खिडकीतूनच ऐकायचे आणि कापड खाली ठेवून मान हलवायचे. "बहनजी, आज झांज जरा तीखी लगी." दुसऱ्या दिवशी, "आज एकदम मुलायम."

मी म्हणायचो, "सारखीच वाटते जी."

रोज तेच. मोठा लावा, लहान लावा, मला सगळं सारखंच. काकूंना वाटलं, मी मुद्दाम करतो. "हा माणूस न्हाई, दहा मेगाचा रेझिस्टर हाय," त्या मजीदभाईंना सांगायच्या. दहा मेगा म्हणजे एवढा मोठा, की आत जवळजवळ काहीच शिरत नाही. मजीदभाई हसायचे. मला मात्र भीती वाटायची. या गावात माझं दुसरं कोणी नव्हतं. झांजेपायी खोली गेली तर घरी काय सांगणार?

एका रविवारी सकाळी काकूंनी आतमध्ये इतका लहान रेझिस्टर लावला की गाळणी असून नसल्यासारखी झाली. गाणं सुरू झालं, कडवं संपलं आणि मजीदभाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली. "या अल्ला! बहनजी, सुई घुसी कान में!"

काकू वळल्या. "आन् तू?"

"सारखीच..." माझा आवाज खाली गेला.

त्यांनी डबी बंद केली. मग भिंतीकडं बोट केलं. "ह्या घड्याळाची टिकटिक ऐकू येती का?"

मी घड्याळाकडं बघितलं. "ते चालू आहे का जी?"

काकू रागावल्या नाहीत, त्यानंच मी जास्त घाबरलो.

मी एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये होतो. लालभडक सळी रोलमधून निघते तिथंच उभं राहायचं, पाळीभर लोखंडावर लोखंड. कानाला लावायला काही नाही. मागेल त्याला ठेकेदार दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणायचा, म्हणून कोणी मागायचं नाही. काकूंनी मला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. यंत्र लावून तपासलं आणि डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज ऐकायची ताकद बरीच गेली आहे, ती परत येणार नाही. त्याच गोंगाटात राहिलात तर उरलेलीही जाईल.

"काकू, राहू द्या जी," मी रस्त्यातच हात जोडले. "काम जाईल."

"काम गेलं तं दुसरं हुडकू. कान कोणत्या दुकानात मिळत्यात ते सांग, आत्ता घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकावर त्यांची स्कूटी उभी. मी आतून बघत होतो.

"तुमी कोण ह्याच्या?" ठेकेदारानं विचारलं.

"घरमालकीण."

"मंग आमच्या कामात तुमचं काय?"

"तुमच्याकडं तो नुसता कामाला येतो. कान त्याचे माह्या घरात राहतेत."

"काय?" ठेकेदार म्हणाला.

"कान! कान झाकायला कायतरी देत जा म्हनलं, समद्या लोकायला!"

"काय?" ठेकेदारानं कानामागं हात धरला.

काकू थांबल्या. एक पाऊल पुढं गेल्या आणि हळू, नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलल्या. ठेकेदार नुसता त्यांच्या ओठांकडं बघत राहिला. मग काकू मोठ्यानं म्हणाल्या, "बघा. तुमचाबी गेला."

त्यानं त्याच दिवशी डॉक्टरांचा पत्ता मागून घेतला. महिना भरायच्या आत सगळ्यांच्या कानांवर जाड झाकणं आली आणि मला बाहेर वजनकाट्यावर टाकलं. मिलमधले लोक अजून विचारतात, "तुझी ती मावशी पुन्हा कधी येणार?"

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गेलेलं परत येणार नाही, हे डॉक्टरांचं वाक्य काकूंना पटलेलं नव्हतं.

उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. कामावरून येऊन मी जिना चढत होतो आणि मला झांज ऐकू आली. पातळ, लखलखीत, एकेक ठोका सुटा. मी पायरीवरच बसलो. कान परत आले, असंच मला वाटलं. तसाच धावत खाली काकूंच्या खोलीत गेलो.

"काकू, डॉक्टर खोटं बोलले जी!"

काकू पेपर वाचत होत्या. वर बघितलं नाही. मी पुन्हा हाक मारली, तरी नाही. जवळ गेलो तेव्हा दिसलं, त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. समोर मजीदभाईंच्या दुकानाची खिडकी एवढ्या उकाड्यात घट्ट बंद. टेबलावर डबी उघडी पडली होती. लाल-लाल-लाल काढून बाजूला ठेवला होता, आणि त्याच्या जागी दुसरेच रेझिस्टर, सोबत एक जास्तीचा कपॅसिटर. गाळायचं काम करणाऱ्या आयसीला त्यांनी आता वरचे सूर उचलून द्यायला लावलं होतं.

काकूंनी एका कानातला कापूस काढला. "काय म्हंतो?"

"कापूस कशाला जी?"

"गार लागतंय."

डोक्यावर पंखा गरम हवा फेकत होता.

"पण काकू, तुम्हाला तर ती दुधावरची साय..."

"कंपनीनं ठरवला तोच आवाज समद्यायनं ऐकायचा, असं कुठं लिहून ठिवलंय? बस तिथं. ऐक गुमान." आणि बोळा पुन्हा कानात गेला.

मी यायच्या आधी त्या टेबलापुढं कधी दुसरी खुर्ची नव्हती, असं मजीदभाई सांगतात. काकू गाणं लावायच्या, ऐकायच्या आणि बंद करायच्या. आता दुसरी खुर्ची आहे. तिच्यावर बसून मी ऐकतो आणि त्या पेपर वाचतात.

डाग द्यायला मी आता शिकायला लागलोय. बोटं भाजतात, रंग चुकतात, काकू ओरडतात. पण एक दिवस त्यांचेही कान थकतील. तेव्हा ती डबी मी उघडणार आणि काकूंना झांज सुटी ऐकू येईपर्यंत एकेक रेझिस्टर बदलत बसणार. सगळी गल्ली दारावर तक्रार घेऊन आली तरी चालेल. दारात मी उभा राहीन जी.