सोळा किलोमीटरच्या वरचे अत्तार सर

जगात कुठेही रॉकेट उडालं की आमच्या स्टाफरूममध्ये एक माणूस सोडून सगळे टाळ्या वाजवतात. तो एक माणूस उभा राहतो. चेहरा असा, की शेजारच्या बिऱ्हाडात कोणी गेलंय आणि हा चपला न घालताच बाहेर आलाय. टाळ्या ओसरल्या की तो खिशातलं पेन काढतो आणि विचारतो, "इंधन कोणतं होतं?"

हे आमचे नजीर अत्तार सर. कर्वेनगरातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते फिजिक्स शिकवतात, मी मराठी. मी तिथे नवा होतो तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला, दहा-बारा मास्तर त्यावर वाकलेले, उलटी मोजणी चाललेली. रॉकेट उडालं तेव्हा खेळाचे मोहिते सर आनंदानं बाकावर चढले. अत्तार सरांनी इंधन विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं.

"म्हणजे टाळ्या कशाबद्दल वाजवल्या, तेही माहीत नाही," असं म्हणून त्यांनी कपाटातून एक लांबडं रजिस्टर काढलं आणि एक नवी ओळ भरली. मोहिते सर बाकावरून उतरले, ते वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे.

रॉकेटच्या उड्डाणांचा वातावरणावर आणि हवामानावर काय परिणाम होतो, हा सरांच्या पीएच.डी.चा विषय. केरोसीनवर उडणारं रॉकेट काजळी सोडतं, घन इंधनाचं क्लोरीन आणि ॲल्युमिनियमची भुकटी सोडतं, हायड्रोजनचं नुसती वाफ सोडतं. "सज्जन रॉकेट अजून जन्माला यायचंय," सर म्हणतात. "हल्ली आहेत ती कमी-जास्त वांड."

मी एकदा मराठीच्या मास्तराला शोभेल असा प्रश्न विचारला. "अहो, एवढं मोठं आकाश. एका रॉकेटनं काय होणार?"

"तुमच्या घरी माळा आहे?"

"आहे."

"त्यावर टाकलेली शेवटची वस्तू खाली कधी काढलीत?"

मला आमच्या माळ्यावरचा पाळणा आठवला. त्यात झोपलेला मुलगा आता दाढी करतो. मी तसं सांगून टाकलं.

"तेच," सर म्हणाले. "खालची काजळी पावसानं धुऊन निघते. वर पाऊस पडत नाही, साहेब. एकदा गेली की वर्षानुवर्षं मुक्काम. ऊन शोषते, तापते, ओझोनच्या कामात लुडबुड करते."

'वर पाऊस पडत नाही' हे वाक्य आमच्या कॉलेजात इतकं रुळलं, की संस्थाचालकांकडे गेलेल्या रजेच्या अर्जाचं काय झालं असं कोणी विचारलं, की शिपाईसुद्धा तेवढंच उत्तर देतो.

पण सरांना पर्यावरणवाले समजून त्यांच्याकडे जाल तर फसाल. ते कमालीचे हद्द पाळणारे गृहस्थ आहेत. एकदा कर्वे रस्त्यावर बसनं आमच्या दोघांच्या तोंडावर काळ्या धुराचा असा लोट सोडला, की मी पाच मिनिटं खोकत होतो. सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "माझ्या विषयात येत नाही," ते म्हणाले. दिवाळीत त्यांच्या कोथरूडच्या सोसायटीतली मुलं बाटलीत बाण लावून उडवत होती. सर खाली उतरताना दिसले तशी ती पळाली. सरांनी त्यांना हाक मारून परत बोलावलं आणि सांगितलं, "उडवा, उडवा. माझी हद्द सोळा किलोमीटरच्या वर, पाऊस संपतो तिथे सुरू होते."

कसबा पेठेत त्यांच्या वडिलांपासूनचं अत्तर-उदबत्तीचं दुकान आहे. ते आता थोरले भाऊ बघतात. मी गुलाबपाणी घ्यायला गेलो, तेव्हा भाऊंनी मला स्टुलावर बसवून घेतलं. "आमच्या अख्ख्या खानदानानं धूर विकला," ते म्हणाले, "आणि हा एकटा धुरावर पुस्तक लिहायला बसला. लिहू दे. पण साहेब, आमची उदबत्ती अर्ध्या तासात विझते हो. याचं पुस्तक कधी?"

प्रश्न बरोबर होता. ही पीएच.डी. किती वर्षं चालली, तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण रेहानावहिनी हे वाचणार आहेत. त्या माझ्यासमोर चहा ठेवत एकदा म्हणाल्या होत्या, "आमची मुलगी अकरावीत गेली तेव्हा पाचवं प्रकरण चालू होतं. तिचं शिक्षण झालं, नोकरी लागली, निकाह झाला. पाचवं प्रकरण चालूच आहे. आता जावयालाही त्याचं नाव पाठ आहे."

पाचव्या प्रकरणात एक तक्ता होता. कोणत्या दिवशी, कुठून, कोणतं इंधन भरून काय उडालं आणि त्यानं वर काय टाकलं, अशा ओळीच ओळी. दुखणं सगळं तिथेच. सर तक्ता पूर्ण करत, छापायला निघत, आणि कोणीतरी कुठेतरी नवं रॉकेट उडवी. की पुन्हा एक ओळ, पुन्हा सगळ्या बेरजा, पुन्हा सगळे आलेख. आणि अलीकडे तर हे लोक आठवड्याला दोन-दोन उडवू लागले.

"अहो, एक तारीख धरा आणि थांबा ना!" मी म्हणायचो.

"मी थांबलो तरी ते थांबतायत का?"

"नाही थांबत. पण तुम्हाला काय करायचंय?"

"मग त्यानंतर जे उडवतील त्यांचं कोणी लिहायचं?"

सृष्टीचे हिशेबनीस असल्यासारखं हे बोलणं ऐकून मी हात जोडत असे.

अशातच मला एक फोन आला. "नमस्कार. कुंदा बापट. तुम्ही मराठी शिकवता ना?"

बापट मॅडम म्हणजे सरांच्या मार्गदर्शक. गावातल्या एका जुन्या कॉलेजच्या संशोधन केंद्रातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. लग्न केलं नाही, घरी एकट्याच. दर गुरुवारी दुपारी सर त्यांना कोथरूडच्या घरून स्कूटरवर घेत, केंद्रातल्या त्यांच्या खोलीत नेत, दोघं चार वाजता कामाला बसत आणि दिवेलागणीला सर त्यांना परत सोडत. या नेमात खंड नव्हता.

"हो, मराठीच शिकवतो," मी म्हणालो.

"मग आमच्या नजीरला पूर्णविराम द्यायला शिकवा. तीस तारखेला त्याची शेवटची मुदत संपते. यापुढे वाढ नाही, असं लेखी आलंय. तीस उलटली की नोंदणी रद्द. इतक्या वर्षांचं काम रद्दीत."

आणि फोन बंद. 'ठेवते' असं म्हणायची रीत असते, पण मॅडमना तेवढीही उधळपट्टी मान्य नसावी.

मी कामाला लागलो. मला अशा कारस्थानांची हौस आहे, हे नाकारत नाही. स्टाफरूममधला पेपर मी रोज सकाळी सरांच्या आधी येऊन लपवू लागलो. वहिनींनी घरचा टीव्ही बिघडल्याचं जाहीर केलं. मुलीनं सरांच्या फोनमधल्या रॉकेटच्या सूचना गुपचूप बंद केल्या. मोहिते सरांना मी स्वतः बाजूला घेऊन दम भरला, की काहीही उडालं तरी तोंड उघडायचं नाही. आठ दिवस पृथ्वीवर शांतता होती. सर तक्त्याकडे बघून चक्रावल्यासारखे दिसत. "काही नाहीच उडालं?" ते मला विचारत.

"थंडीमुळे असेल," मी सांगे.

सत्तावीस तारखेला, बुधवारी, मोहिते सर शिट्टी गळ्यात घालून धावत आत आले. "सर! काय भारी उडालं ओ! खालचा भाग परत येऊन जागेवर उभा राहिला, एकदम सावधानमध्ये!"

मग माझ्याकडे पाहून त्यांनी जीभ चावली. अत्तार सरांचा हात कपाटाकडे गेलाच होता.

"खालचा भाग परत आला," रजिस्टर उघडत ते म्हणाले, "काजळी परत आली का?"

मी खरोखर चिडलो. तीन दिवस उरले होते. "अत्तार सर, उद्या मी तुमच्याबरोबर येतोय," मी म्हणालो. "तुमच्या मॅडमसमोर बसून तुमच्याकडून तारीख लिहून घेतो. नाहीतर आयुष्यात पुन्हा तुमच्या डब्यातला खिमा खाणार नाही."

ही शपथ किती गंभीर होती, ते स्टाफरूमला ठाऊक होतं.

गुरुवारी आम्ही गेलो. सरांच्या स्कूटरवर मागे बापट मॅडम, मांडीवर कापडी पिशवी, त्यांच्यामागे माझी स्कूटर. खोली दुसऱ्या मजल्यावर. मॅडम कठडा धरून पुढे चढून गेल्या. अर्ध्या जिन्यात सरांनी माझी बाही धरली.

"वर काही बोलू नका," ते हळू म्हणाले.

"का नको? तीस तारीख..."

"इथला नियम असा आहे, की निवृत्त मार्गदर्शकाला खोली मिळते ती त्यांचा विद्यार्थी असेपर्यंतच. मी शेवटचा. मी प्रबंध दिला की दाराची पाटी निघते. मग गुरुवारी त्या कुठे जाणार?"

मी जिन्यात उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या त्या ओळी, त्या बेरजा, ते पुन्हा काढलेले आलेख.

"नजीर," वरून आवाज आला. "जिना आहे तो. सगळं वर ऐकू येतं. या दोघं."

आम्ही गेलो. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. सर त्यांच्यासमोर, मी दारापाशी.

"तीस तारखेनंतर नोंदणी रद्द झाली, तर तू विद्यार्थी राहतोस का?" मॅडमनी विचारलं.

सर विचार करू लागले. खराच विचार करत होते, मी चेहरा पाहत होतो. "नाही," ते म्हणाले.

"मग खोली?"

"...जाते."

"काजळीचा एक कण वर किती वर्षं टिकतो, ते काढणारा माणूस तू. हे गणित नाही सुटलं?"

"दर वेळी मुदत वाढून मिळाली, मॅडम. मला वाटलं, आणखी एकदा मिळेल."

"कपाट उघड."

सरांनी भिंतीतलं मोठं लोखंडी कपाट उघडलं. आत वरचे चारही कप्पे रिकामे होते. तळाशी फक्त पाचव्या प्रकरणाचे जुने खर्डे, चार चवडी.

"गेल्या दिवाळीपासून दर गुरुवारी एक पिशवी पुस्तकं घरी नेतेय," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याच स्कूटरवरून, मांडीवर घेऊन. तू कधी विचारलं नाहीस."

"मला वाटलं, तपासायचे पेपर असतील."

"निवृत्त बाईला पेपर कोण देतं, नजीर?"

सर उघड्या कपाटासमोर उभे राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. खोलीत धूर नव्हता. मी खिडकीबाहेरच्या चिंचेकडे पाहायचं काम अंगावर घेतलं.

"तारीख कोणती धरू?" त्यांनी विचारलं.

"कालची. कालचं रॉकेट घे. त्यापुढचं लिहायला कोणीतरी येईल. जगात तू एकटा नाहीस."

सरांनी तिथेच बसून ते वाक्य लिहिलं: अमुक तारखेपर्यंतच्या उड्डाणांचाच येथे विचार केला आहे. एक ओळ लिहायला पाऊण तास लागला. मॅडमनी त्यातला एक स्वल्पविराम काढला.

शुक्रवारी सरांनी रजा घेऊन, आम्ही लपवल्याचं कबूल केलेली उड्डाणं तक्त्यात भरून प्रती छापल्या, बांधायला दिल्या, आणि शनिवारी, तीस तारखेला, दुपारी दोनच्या आत प्रबंध जमा झाला. वहिनींनी अख्ख्या सोसायटीत शीरखुर्मा वाटला. ईद आहे का, असं विचारणाऱ्यांना त्या सांगत, "त्याहून दुर्मीळ." मोहिते सरांनी प्रायश्चित्त म्हणून पेढे आणले. मॅडमनी त्याच दुपारी खोलीची किल्ली कार्यालयात दिली. पाटी सावकाश काढू म्हणणाऱ्या कारकुनाकडून त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि ती स्वतःच काढून पिशवीत घातली.

पुढच्या गुरुवारी शेवटचा तास संपल्यावर सर स्टाफरूममध्ये बसून राहिले. रजिस्टर बंद. घड्याळात साडेतीन झाले, पावणेचार झाले. मग एकदम उठून त्यांनी हेल्मेट घेतलं.

"कुठे?" मी विचारलं.

"व्हायवाची तयारी विचारून येतो," ते म्हणाले.

व्हायवाला निदान पाच-सहा महिने होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. वाटेत ते सिग्नलला थांबले की व्हायवाचं कारण मनात घोळवत होते, कारण मॅडमना खोटं लगेच कळतं. पण दार उघडलं आणि समोर पाहून ते विसरूनच गेले. हॉलमध्ये खिडकीशी टेबल होतं. बाजूच्या फडताळात ती सगळी पुस्तकं, कपाटात होती त्याच क्रमानं. टेबलाच्या एका बाजूला मॅडमची खुर्ची. समोर, दाराकडे पाठ करून, विद्यार्थ्याची.

मॅडमनी कशाला आलास असं विचारलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चार वाजून दहा मिनिटं झाली," त्या म्हणाल्या. "चार म्हणजे चार, नजीर. बस."