भोयरांचं वर्षावन

वर्धा जिल्ह्यातलं एकमेव सदाहरित वर्षावन बोरगाव मेघे इथे आहे. भूगोलाच्या पुस्तकात त्याचा उल्लेख नाही. त्याची लांबी बारा फूट, रुंदी दहा फूट. पूर्वेला आमच्या कंपाउंडची भिंत, पश्चिमेला भोयरांचा संडास. आणि त्यात झाड एक आहे.

झाड कोकमाचं. सह्याद्रीच्या ओल्या, काळोख्या जंगलात ते आपलं आपण वाढतं आणि कुणी त्याचं कौतुक करत नाही. बोरगावात आपलं आपण वाढणं त्याला शक्य नव्हतं. इथे मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. ते भोयरांच्या झाडाच्या आळ्यात बसलेलं असतं. त्यालाही भोयर उजव्या बाजूला बसू देत नसत. "तिकडं सरक," म्हणत, आणि कुत्रं सरके.

उन्हाळ्यात वर्धेची माणसं खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावतात आणि त्यांवर पाणी मारतात. भोयरांच्या घराला तीन खिडक्या होत्या आणि ताटी एक होती. ती झाडाला लावलेली असे. चार बल्ल्या रोवून, वर तुराट्यांचं छप्पर घालून, पश्चिमेच्या उन्हाकडे ताटी बांधून भोयर दर दोन तासांनी तिच्यावर बादली रिकामी करत. नंतर स्वतः पत्र्याखाली बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत.

आम्ही बहात्तर साली त्यांच्या शेजारी राहायला आलो. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पहिल्या सकाळी मी भिंतीपाशी गेलो तेव्हा भोयर झाडाखाली एका सपाट दगडावर बसून आंघोळ करत होते. मी मागे वळणार तेवढ्यात त्यांनी तांब्या उंचावून नमस्कार केला.

"या मास्तर. मी महादेवराव भोयर, रिटायर्ड ओव्हरसियर. तुमचं आंगण पश्चिमेले अडीच इंच ढळून राह्यलं, पाह्यलं काय?"

मी पाहिलं नव्हतं.

"पाह्यजो एकदा. पाणसळ देतो मी, बुडबुडा सांगन."

आंघोळ रोज तिथेच होई, दिवसातून दोनदा, म्हणजे पाणी वाया जात नसे. साबण वर्ज्य होता, कारण तो झाडाला चालत नाही. भोयरांना तो चालत होता की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. आमच्या घरात मात्र तो पडे, विशेषतः वारा पश्चिमेचा असला की.

माणसांची, घरांची, भाषणांची, वरणाचीसुद्धा भोयर एकाच मापाने परीक्षा करत. "लेव्हल बरोबर हाय," किंवा "लेव्हल नाई." मधली पायरी नव्हती. माझी लेव्हल काय ठरली होती ते मला दहा वर्षं कळलं नाही.

राज्य झालं तेव्हा सरकारने आमच्या भागातली काही माणसं उचलून पार दुसऱ्या टोकाला पाठवली. भोयर कुडाळकडे गेले. तीन वर्षं त्यांनी तिथे रस्ते बांधले. ते दर पावसाळ्यात वाहून जात, त्यामुळे काम कधी कमी पडलं नाही. चौसष्ट साली बदली होऊन परत येताना त्यांनी ओल्या फडक्यात कोकमाच्या सात बिया आणल्या. सहा मेल्या. सातवी म्हणजे हे वर्षावन.

कोकमाच्या उपयोगांवर भोयर न थांबता बोलू शकत. "कोकम म्हंजे झाड नाई मास्तर, दवाखाना हाय. आंगावर पित्त उठलं? आमसूल भिजवा, चोळा. पोट बिघडलं? सार प्या. उन्हाळा लागला? सरबत. फळाची साल वाळवाची, त्याच्याच रसात बुडवाची, पुन्हा वाळवाची, चार चार खेपा. मंग होते आमसूल. आन् बी फेकाची नाई. बी फोडाची, कुटाची, पाण्यात उकळाची. वर तेल येते. थंडं झालं का लोण्यावाणी घट्ट. ते मुठीत दाबून गोळा कराचा. मुठीत दाबते म्हनून मुठेल. टाचेच्या भेगाले त्याच्यासारखी दवा दुनियेत नाई."

हे सगळं ऐकणाऱ्या माणसांनी जन्मात कोकम पाहिलेलं नसे. वर्धेचं आंबट चिंचेवर आणि कैरीवर भागतं. कुणी विचारलंच, "पण काकाजी, हे फळ भेटन कुठं?" तर भोयर अंगठ्याने मागे झाडाकडे दाखवत. "धरन ना. घाई काऊन करता? तिकडं आठ आठ वर्सं लागते."

आठवं वर्ष आम्ही आलो तेव्हाच भरलं होतं.

माझी बायको सुधा समुद्रपूरची, शेतकऱ्याघरची. काळ्या मातीत वाढलेल्या टाचा शहरात येऊन सुधारत नाहीत. हिवाळ्यात तिच्या भेगांतून रक्त येई. भोयरांचं मुठेलावरचं व्याख्यान तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिने भिंतीवरून सरळ विचारलं, "काकाजी, तुमच्याजवळ हाय काय थोडंसं?"

"हाय ना. एक गोळा हाय."

"मंग नखाएवढं द्या ना जी."

भोयर अचानक झाडाची पानं मोजू लागले. मोजता मोजता म्हणाले, "नाई देता येत बाई तो."

दुसऱ्या दिवशी ते सायकलने वर्धेला जाऊन मलमाची एक मोठी डबी घेऊन आले आणि भिंतीवर ठेवून गेले. सुधाने ती वापरली, टाचा बऱ्या झाल्या, आणि तिने त्यांना माफ केलं नाही. "दवाखाना म्हणे. एक गोळा घेऊन बसला दवाखाना!" त्यानंतर आमच्या घरात भोयरांचं नाव दवाखाना पडलं.

चौऱ्याहत्तर साली झाडाला फुलं आली. पिवळट, बारीक, झुबक्यांनी. भोयरांनी ओळीतल्या सगळ्या घरी पेढे वाटले. फुलं गळली. फळ धरलं नाही. पुढच्या वर्षी फुलं आली, गळली, आणि पेढे अर्धे झाले.

त्याच सुमाराला वनमहोत्सव आला. आमच्या भागातलं एक मोठं प्रस्थ वृक्षारोपणाला आलं होतं. मागच्या वर्षीच्या खड्ड्यातच यंदाचं रोप लावून झाल्यावर कुणीतरी त्यांना सांगितलं की इथे एक दुर्मीळ वृक्ष आहे. लवाजमा भोयरांच्या अंगणात शिरला. साहेबांनी झाडावर हात ठेवला आणि या वृक्षाच्या फळांनी उद्या या जिल्ह्याचं नाव साऱ्या देशात कसं होईल, यावर ते बोलू लागले. बोलता बोलता एक पाय त्यांनी आळ्यात ठेवला, उजव्या बाजूला.

"साहेब, पाय काढा."

साहेब बोलतच होते. भोयरांनी त्यांचे दोन्ही दंड धरले आणि त्यांना सरळ उचलून बाजूला केलं, रस्त्यातला दगड बाजूला करावा तसं. "तिकडून बोला. इथं नाई."

सभा तिथेच संपली. लवाजमा गेल्यावर मी म्हटलं, "काय हो, मुळांना एवढं काय होणार होतं?"

"लेव्हल नाई त्या मानसाची," भोयर म्हणाले आणि वाकून ओल्या मातीवरचा चपलेचा ठसा हाताने सारखा करू लागले.

पुढे एकदा माझ्या एका सहकाऱ्याच्या मालवणच्या आई आमच्याकडे आल्या. भोयर बाजाराला गेले होते. झाड दिसताच म्हातारी हरखून भिंतीपाशी गेली. तेव्हा ते फुललेलं होतं. तिने एक झुबका ओढून नाकाशी धरला, डोळे बारीक करून पाहिला आणि सोडून दिला.

"ह्यो नर असा."

"म्हणजे?"

"कोकमात नर येगळो नि मादी येगळी. पपयेत कशी असता? ह्येका फळ धरूचा नाय कधी." मग माझा चेहरा पाहून तिला दया आली असावी. "सावली मात्र बरी असा हां ह्येची."

पपईतला नर आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं आणि उपटून फेकतं. कोकमाबद्दल तसा विचार करावा, असं बोरगावात कुणालाच सुचलं नव्हतं, इतिहासाच्या प्राध्यापकाला तर नाहीच. मी ती बातमी तीन उन्हाळे दाबून ठेवली. मोठमोठ्या साम्राज्यांच्या ऱ्हासाची कारणं मी वर्गात बिनदिक्कत सांगत असे. भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्याला एवढंसं सांगणं जमेना. रोज सोळा बादल्या विहिरीतून ओढणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?

ब्याऐंशीच्या मेमध्ये भोयरांना ऊन लागलं. तीन दिवस ते बाजेवर पडून होते. सुधा राग बाजूला ठेवून दोन वेळा पन्हं घेऊन जात होती. पन्हं पिऊन भोयर क्षीण आवाजात म्हणत, "कोकम असतं तर..." आणि सुधा ग्लास हिसकावून घेई.

मी गेलो तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत आत बसलो. भिंतीवर तीन देव, एक कॅलेंडर आणि खुंटीला पाणसळ. माणसाचा फोटो एकही नव्हता. त्यांची बायको आम्ही येण्याच्या चार वर्षं आधी वारली, एवढं मला माहीत होतं. तिच्याबद्दल ते कधी बोलले नव्हते.

"मास्तर, तीन दिस झाले. झाडाले पानी नाई."

"काकाजी, आणखी एक दिवस नाही मिळालं तर काय होतं?"

"नाई ना. जा तुमी. उजव्या बाजूनं जास्त टाका."

ते उठायला लागले. मी त्यांना दाबून झोपवलं आणि तीन वर्षं दाबलेलंही बाहेर पडलं. "अहो, ते झाड नर आहे. त्याला फळ धरणार नाही. या जन्मात नाही."

भोयर म्हणाले, "माहीत हाय मले."

"माहीत आहे?"

"पहिलं फूल आलं तवाच समजलं. तिकडं तीन वर्सं कोकमाखालीच तर राह्यलो." पेढे का वाटले, हे मी विचारलं नाही. लोक पाणी देण्याचं कारण विचारतात, आणि फळ हे कारण सगळ्यांना पटतं. "आता जा. उजव्या बाजूले हातभर खण. हळू खणजो बाप्पा, मडकं हाय."

मी खणलं. वरची माती सुकली होती, खाली अजून ओल होती. ज्या जागेवर कुत्र्याला बसू दिलं नाही आणि साहेबांना बोलू दिलं नाही, त्या जागेवर मातीचं लहान मडकं निघालं, तोंडाला फडकं बांधलेलं. ते मी आत आणून बाजेवर ठेवलं. पन्हं घेऊन आलेली सुधाही उभी होती.

आत मुठेलाचा गोळा होता. मुठीएवढा, पिवळट पांढरा. भोयरांनी तो उचलला नाही. आधी बोट लावून पाहिलं.

"एक," ते म्हणाले. "दोन. तीन." मग श्वास सोडला. "हाय."

गोळ्यावर बोटांचे वळ होते. ओलं मुठेल मुठीत दाबलं की बोटं उमटतात आणि थंड झालं की तशीच राहतात. असे गोळे त्यांच्या बायकोने केले होते, कुडाळच्या घरमालकिणीकडून शिकून, निघण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. बाकीचे वापरून संपले. हा राहिला.

"तिकडं खुश होती ती. सासू नाई, दीर नाई, दिसभर कोकमाखाली बसे. बिया तिनंच आनल्या. फोटो काढू म्हनलं तर म्हने, वर्धेले गेल्यावर काढू. वर्धेले आल्यावर राहूनच गेलं."

मुठेल थंडीत दगडासारखं असतं, पण वर्धेच्या मे महिन्यात पातळ होतं. ती होती तोवर तो जपणं तिच्याकडे होतं. ती गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात गोळा घरात, रांजणामागे होता. त्या वर्षी करंगळी गेली. तेव्हापासून तो झाडाखाली. बोरगावात त्याहून थंड जागा नव्हती. ती जागा थंड राहावी म्हणून झाड, झाड राहावं म्हणून ताटी, आणि दोन्हींसाठी सोळा बादल्या.

सुधाने पदराला हात पुसले. या गोळ्यातलं नखभर तिने मागितलं होतं. ती एकदम म्हणाली, "काकाजी, आमच्या घरी फ्रिज हाय ना जी!"

फ्रिज आम्ही होळीलाच घेतला होता, जुना, पण ओळीतला पहिला. भोयरांनी डोळे मिटून विचार केला.

"लेव्हल पाहा लागन."

चौथ्या दिवशी ते पाणसळ घेऊन काठी टेकत आले. फ्रिज डावीकडे पाव इंच ढळला होता. खाली पुठ्ठ्याची घडी सरकवून, बुडबुडा मधोमध आल्यावरच त्यांनी मडकं सुधाच्या हातात दिलं. सुधाने गोळा स्टीलच्या डब्यात ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली: "खायचं नाही. पायाला लावायचं नाही."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे बादलीचा आवाज आला.

"काकाजी, आता कशाला पाणी?"

"रिटायर झाल्यावर कसं वाट्टे, मले माहीत हाय मास्तर. झाडाले काऊन सांगाचं?"

याला आता पाच वर्षं झाली. झाड आमच्या छपराच्या वर गेलं आहे. नव्या पालवीत ते लालसर दिसतं आणि लोक थांबून फळाची चौकशी करतात. उन्हाळ्यात वीज गेली की पाचव्या मिनिटाला भोयर दारात उभे असतात. "दार उघडू नोका," एवढंच सांगतात आणि वीज येईपर्यंत फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसतात. सुधा त्यांना सरबत देते. आमसूल मालवणहून येतं.

यंदा फ्रिज नीट थंड करत नाही. मिस्त्री म्हणाला, आठ दिवस दुकानात न्यावा लागेल. आम्ही त्याला पाऊस पडल्यावर यायला सांगितलं आहे.