ताटात काय पडलं?

आमच्या चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात दुरुस्ती खातं सांभाळणाऱ्या व्हनमाने मामांच्या टेबलावर कायम एक स्टीलचं ताट असे. जेवणाचं नव्हे, कामाचं. कुणी "काम झालं" म्हणालं, की मामा ते पुढे सरकवत. "ताटात काय पडलं?"

मोटर दुरुस्त केली? मग जळकं बेअरिंग ताटात दिसलं पाहिजे. नळवाला एकदा "नव्वद टक्के झालंय" म्हणाला. मामा म्हणाले, "नव्वद टक्के भाजलेली भाकरी खाशील का तू?"

मी पुण्याहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो आणि सगळ्यांना बसवून 'डिलिव्हरेबल' समजावलं. आपण किती राबलो ते नव्हे, शेवटी समोरच्याच्या हाती नेमकं काय दिलं आणि त्यानं ते पारखून घेतलं का, ते महत्त्वाचं. चाळीस मिनिटं बोललो. मागून मामा म्हणाले, "म्हंजे ताटात काय पडलं, त्येच की!" सगळे हसले. मला राग आला.

मामा निवृत्त होणार होते. टॉवेल रंगवायच्या जुन्या डाईंग मशीनचे नखरे एकट्या त्यांनाच ठाऊक. ते त्यांना विचारून मशीनची पुस्तिका लिहायचं काम साहेबांनी मला दिलं. मामा खूश. "रोज चारला या. च्या सांगून ठिवतो."

मी दोनदा गेलो. मग कधी मीटिंग, कधी कंटाळा. खरं सांगायचं तर कंटाळाच. महिनाअखेरीस कामाच्या तक्त्यात बिनदिक्कत लिहून टाकलं: 'पुस्तिका पूर्ण'.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, पुस्तिका झाली ना?" मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ताट पुढे सरकवलं. त्यात शंभरपानी वही होती. त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात सगळं मशीन, आकृत्यांसकट. वर 'लिहून घेणार' म्हणून माझं नाव. साहेबांनी माझी पाठ थोपटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या मुकाट्यानं घेतल्या.

नंतर त्यांना एकटं गाठलं. "मामा, मी तर आलोच नाही."

"त्याला काय हुतंय?" ते ताट पुसत म्हणाले. "मामी गेल्यापास्नं बोलायला कोन न्हाय. तुमी येनार म्हनून रोज दोन च्या सांगायचो. वाट बघत लिवत बसायचो. झालं की लिवून."

लाजेनं मला मान वर करता येईना. तरीही साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन खरं सांगायला पाय उचलला नाही. वहीवर अजून माझंच नाव आहे.