लिफ्टमधली पाचवी

सूनबाई इमारतीच्या अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या आणि पहिला विरोध झाला तो घरातूनच.

"बाईचं काम नव्हे ते," सासूबाईंनी पलंगावरून निकाल दिला. "पुरुषाचा आवाज कसा भारदस्त असतो! माझं मत अध्यक्षांनाच."

"मी तटस्थ," म्हणून चिरंजीवांनी पेपरात तोंड खुपसलं.

आता घ्या! सूनबाई उभ्या होत्या त्या सासूबाईंसाठीच. लिफ्ट बंद पडून वर्ष होत आलं होतं. सासूबाईंचे गुडघे पाच मजले उतरू देत नव्हते. खालच्या बागेतला त्यांचा लाडका बाक त्या खिडकीतून नुसता बघायच्या. लिफ्टचं विचारलं की अध्यक्ष घसा खाकरून म्हणायचे, "विषय विचाराधीन आहे."

पुरुष बहुतेक अध्यक्षांकडे, बायका बहुतेक सूनबाईंकडे. सामना अटीतटीचा. तेव्हा सासूबाईंचं हक्काचं मत खाली आणायचंच, असा अध्यक्षांनी चंग बांधला. मतदानाच्या दिवशी त्यांनी कुठूनसा मेकॅनिक पकडून लिफ्ट कशीबशी सुरू केली आणि तीन समर्थक घेऊन स्वतः वर गेले.

लिफ्टमध्ये पाटी होती: फक्त चार व्यक्ती.

"साहेब, आपणच चार झालो की," समर्थकांपैकी दंतवैद्य चाचरले.

"अहो, पाचव्या आजी आहेत. बाईमाणूस! त्यांना काय धरायचं?"

लिफ्टने मात्र धरलं. दोन मजल्यांच्या मधोमध ती गचकन थांबली आणि दिवा गेला.

"वाचवाऽऽ!" अंधारात कुणीतरी बारीक आवाजात किंचाळलं.

"कोण गं बाई रडतेय?" सासूबाईंनी विचारलं.

"मी... अध्यक्ष."

खाली सूनबाईंच्या मैत्रिणींना आनंदाचं भरतं आलं. "आत्ताच मतदान उरकून टाकू. त्यांची पाच मतं अडकलीत, जिंकलोच आपण!"

"छे! जिंकेन तर सगळ्यांच्या मतांनी," सूनबाई कडाडल्या. "मतदान थांबवा. त्या मेकॅनिकला आधी परत बोलवा." आणि जिना चढून, लिफ्टच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी हाक दिली, "आई, घाबरू नका! मी इथेच आहे!"

अख्खी इमारत दणाणली.

"ऐकलंत?" सासूबाई अंधारात म्हणाल्या. "आमच्या घरातला आवाज आहे हा."

मेकॅनिकने पाचही जणांना सुखरूप खाली उतरवलं. मग चिठ्ठ्या पडल्या, मोजल्या गेल्या, आणि सूनबाई एका मताने निवडून आल्या! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"शक्यच नाही," अध्यक्ष पुन्हा पुन्हा बोटं मोजत होते. "आमच्या हिशेबात एका मताने आम्ही पुढे होतो!"

"तुमचा हिशेब एका माणसाने चुकतोच," सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "मघाशी लिफ्टमध्येसुद्धा मला धरलं नव्हतंत."

मग त्या डुलत डुलत बागेत गेल्या आणि आपल्या बाकावर ऐसपैस बसल्या. "लिफ्ट नीट होईपर्यंत मी इथून हलायची नाही. चहा इथेच पाठवा."

"आणते हं, आई," सूनबाई म्हणाल्या.

"तू कशाला? अध्यक्ष ना तू? मेकॅनिकला गाठ आधी." सासूबाईंनी मान वर करून पाचव्या मजल्याकडे पाहिलं आणि भारदस्त आवाजात हाक मारली, "अरे ए तटस्थ! चहा टाक!"

आणि चिरंजीव कप सांभाळत पाच मजले उतरून आले.