हकीकत अठ्ठावीस इंची दाराची

श्री विद्युल्लता प्रसन्न. जिच्या जाण्याने ग्रह विझतात, जिच्या येण्याने तारे पुन्हा लुकलुकतात, आणि जिचे येणेजाणे तिच्याखेरीज कोणास ठाऊक नाही, तिजला आधी नमन करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मंगळवार, ते रोजी आकाशीच्या राज्यात जो प्रसंग गुजरला त्याची हकीकत काही पाहिली, काही ऐकिली, तैसी लिहिली असे.

दूरचित्रवाणीच्या मुलखात दर शनिवारी सायंकाळी सातास अर्धा तास नांदणारे एक राज्य होते. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ज्यांनी पाहिले त्यांस ठाऊक आणि न पाहिलेले बहुत. राज्याची हद्द येणेप्रमाणे: पूर्वेस रंगभूषेची खोली, पश्चिमेस चहाची टपरी, उत्तरेस गटार, आणि दक्षिणेस एका प्लायवूडच्या भिंतीपलीकडे सासूसुनांचे बलाढ्य साम्राज्य, जेथे रोज रडणे होई आणि त्या रडण्याचा आवाज इकडे अंतराळात ऐकू येई. या चार हद्दींत एका पत्र्याच्या शेडमध्ये अवघे आकाश मावले होते. काळ्या कापडास भोके पाडून मागे दिव्यांच्या माळा सोडिल्या होत्या, ते तारे. आणि मधोमध चंदेरी रंग दिलेले एक यान उभे होते, ते सर्व ग्रहांवर जात असे आणि जागचे हलत नसे.

या राज्याचे चिटणीस नरहरपंत उपळेकर, म्हणजे मालिकेचे लेखक. वय वर्षे बावन्न, डोळ्यांस चष्मा, स्वभावे गरीब, परंतु आपणास माणसे कळतात असा समज. अकरा वर्षे त्यांनी हे राज्य पिशवीत घालून हुजुरांच्या दारी खेटे घातले. हुजूर म्हणजे वाहिनीचे धनी. हुजुरांनी सात वेळा कागद परत केले आणि दर वेळी एकच बोलिले की, "पंत, मराठी माणूस आकाशात जाऊन करणार काय?" मग आठव्या वेळी पंत बोलिले की, "भांडणार," आणि हुजुरांस ते पटले आणि राज्याची सनद मिळाली.

पंतांनी कथा रचिली ती ऐसी की, पृथ्वीचा एक कप्तान आणि निळ्या ग्रहाची एक राणी, दोघांचा गनीम एकच, सबब दोघांत तह जाहला. परंतु दोघेही हट्टी, एक पूर्वेस म्हणेल तर दुसरी पश्चिमेस, आणि गनिमाशी लढाई कमी व आपसात अधिक. कप्तानाच्या कामी मुकुंदराव आगटे यांस नेमिले. ते प्रायोगिक रंगभूमीचे मातबर नट, जेथे रंगमंचावर सात आणि समोर पाच ऐसे प्रयोग पुष्कळ केले. राणीच्या कामी सगुणाबाई कवठेकर आल्या. त्या लोकनाट्याच्या फडात वाढलेल्या, आवाज ऐसा की ध्वनिमुद्रकाने पहिल्या दिवशी कानाची यंत्रे काढून ठेविली. त्यांच्या तोंडास रोज तीन तास निळा रंग चढे आणि डोक्यावर रबराचा तुरा बसे, तो भुवयांवर उतरे, त्यामुळे बाईंस समोरचे दिसे, पायाखालचे दिसत नसे. दोघांचा पडद्यावरचा तह जैसा, तैसाच पडद्यामागचा. चहा आधी कोणास, खुर्ची कोणाची, पंखा कोणाकडे, या तिन्ही प्रांतांत रोज चकमक होई.

परंतु एका ठिकाणी त्रेसष्ट भाग शांतता होती, ते ठिकाण म्हणजे यानाचे दार. हे दार पूर्वी एका गुप्तहेराच्या मालिकेत कोठडीचे होते, तेथून इस्माईल मिस्त्रींनी आणून बसविले. रुंदी अठ्ठावीस इंच, खाली चार बोटे उंबरा, मागून दोन माणसे दोरी ओढीत तेव्हा उघडे. एका वेळी एकच माणूस जाई. तेथे दर भागी मुकुंदराव आधी जात आणि सगुणाबाई मागून येत, आणि कोणी चकार शब्द काढीत नसे. याचे सर्वांस नवल वाटे, आणि नरहरपंतांस वाटे की नवल कसले, मला ठाऊक आहे.

तेव्हा कार्तिकात एका वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीची बाई मुलाखतीस आली आणि विचारती जाहली की, "एवढ्या दोन हट्टी माणसांचं जमतं कसं?" पंतांनी चष्मा पुसला आणि बोलिले की, "त्याचं गुपित दारात आहे. मुकुंदरावांच्या रंगभूमीत नायक आधी शिरतो, म्हणून ते आधी जातात आणि खूष. सगुणाबाईंच्या फडात मानाचं माणूस शेवटी येतं, पब्लिकनं वाट बघितल्यावर, म्हणून त्या शेवटी येतात आणि खूष. मान मलाच मिळाला असं दोघांनाही वाटतं. माझ्या राज्याचा पाया हाच." बाईने ते जैसेच्या तैसे लिहून घेतले, आणि पंत त्या दिवशी घरी जाऊन दोन वाट्या श्रीखंड जेवले.

मग हुजुरांचा खलिता आला की, टीआरपी खालावला, सबब चौसष्टावा भाग अखेरचा. मंगळवारी सायंकाळी सहाच्या आत चित्रण उरकावे. सहास शेड शेजारच्या साम्राज्याकडे जाईल, कारण तेथील सुनेस वेगळे बिऱ्हाड हवे आहे. काम अपुरे राहिल्यास अखेरचा भाग रद्द, त्या जागी पाककृतींचे पुनःप्रक्षेपण होईल. पंत बहुत दिलगीर जाहले. बोलिले की, "राज्य जातं तर जावो. पण अकरा वर्षं वागवलेल्या गोष्टीला शेवट नको? पाहणारा काय म्हणेल, सगळे गेले कुठे, आणि ही आळूवडी कुठून आली?" आणि त्यांनी अखेरचा प्रसंग लिहिला: यानास भोक पडले आहे, आत शंभर श्वासांपुरती हवा उरली आहे, दार उघडते, कप्तान बाहेर पडतो, मागून राणी बाहेर पडते, आणि दोघे प्रथमच एकमेकांस आलिंगन देतात. समाप्त.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी मुलाखतीची पुरवणी छापून आली.

मंगळवारी सकाळी पंत शेडमध्ये येतात तो मुकुंदराव कप्तानाच्या पोषाखात, हाती पुरवणीची घडी घेऊन उभे. बोलिले, "या चिटणीस. म्हणजे त्रेसष्ट भाग मी या बाईंचा भालदार होतो तर. मी पुढं होऊन वर्दी द्यायची आणि मागून स्वारी यायची."

पंत म्हणाले, "तसं नव्हे मुकुंदराव..."

तो रंगभूषेच्या खोलीतून अर्धे तोंड निळे, अर्धे गव्हाळ ऐशा सगुणाबाई बाहेर आल्या. "मंग कसं? आन् मी कोन हो पंत? यांच्या मागनं फिरायला मी काय यांची पिशवी हाय? मला वाटायचं मानूस समजूतदार हाय, गुमान पुढं जाऊन वाट मोकळी करतंय. हे तर स्वतःला नायक समजून चाललं हुतं!"

"समजून नव्हे. आहे," मुकुंदराव बोलिले. "आणि आजपासून मी शेवटी येणार."

"या की! मी आधी जानार."

हे ऐकताच दिग्दर्शक बापू मिरजे, जे या राज्याचे सेनापती, ते आनंदाने टाळी वाजविते जाहले. "झालं तर मग! त्यांना शेवटी यायचंय, यांना आधी जायचंय. मिटलं की!" परंतु या दोघांची जात सेनापतीस कळली नव्हती. सगुणाबाईंनी पाहिले की मुकुंदराव खूष आहेत, आणि मुकुंदरावांनी पाहिले की बाई खूष आहेत, आणि दोघांच्या मनात एकदमच आले की, ज्या व्यवस्थेत समोरचा राजी आहे तीत आपले काहीतरी बुडत असले पाहिजे. तरीही शब्द गेला होता, म्हणून तोंडे वाकडी करून दोघे जागी उभे राहिले आणि चित्रण सुरू जाहले.

दोरी ओढिली, दार उघडिले, सगुणाबाई राणीच्या डौलात पुढे निघाल्या आणि उंबऱ्यास अडखळून थेट अंतराळात पालथ्या पडल्या. मागून मुकुंदराव दारात आले, छाती काढिली, तोंड उघडिले, आणि उघडेच राहिले. एक शब्द आठवेना. बापू ओरडले, "काय झालं?" पुन्हा दोरी ओढिली, पुन्हा बाई अडखळल्या आणि पुन्हा राव मुके जाहले. ऐसे पाच वेळा. बाईंचा तुरा वाकडा जाहला आणि राव घामाने भिजले.

तेव्हा इस्माईल मिस्त्री, जे दाराशी बसून सर्व पाहत होते, ते पंतांजवळ आले आणि हळूच बोलिले, "साहेब, तुम्ही पेपरात काय ते लिवलंत. माझं दार हाय, मी रोज बघतो. राव पुढं जाताना बुटानं उंबऱ्याला ठोकर मारतात, ठक्. तो आवाज झाला की बाई पाय उचलतात. त्यांना खालचं दिसत नाही ना. आन् बाई मागनं पुटपुटतात, तवा रावांना पुढचं वाक्य सुचतं. रावांचं पाठांतर सव्वा वर्षापूर्वीच गेलंय. दोघंबी एकमेकाला कदी बोलले नाहीत. मीबी नाही बोललो." हे ऐकोन पंतांचा चेहरा ऐसा जाहला की मिस्त्रींनी त्यांस स्टूल दिले. त्यांच्या मनी आले की, माणसे कळतात म्हणत होतो, आणि त्रेसष्ट भाग ज्या दारातून काढिले, त्याचा उंबरा कधी दिसला नाही. आणि जे दोघांनी एकमेकांपासूनही झाकून ठेविले होते, त्यावर आपण मानाचे लेबल लावून रविवारी घरोघर वाटिले.

दुपारचे चार वाजले. पंत उठले आणि दोघांपुढे हात जोडिते जाहले, "माझं चुकलं. पूर्वीसारखं करा. मुकुंदराव आधी, बाई मागून."

मुकुंदराव बोलिले, "आता आधी गेलो तर पेपरातलं खरं ठरेल."

सगुणाबाई बोलिल्या, "मंग मीबी मागनं येत नाही. साऱ्या गावानं वाचलंय."

"दोघं एकदम जा!" बापू हातघाईस आले. त्याचाही प्रयत्न जाहला. अठ्ठावीस इंचांत कप्तानाचे पोट आणि राणीचा झगा अडकोन बसला, तो सोडविण्यास पाऊण तास गेला. दार मोठे करण्यास मिस्त्रींनी दोन दिवस मागितले. पलीकडच्या साम्राज्याचे हमाल सुनेचा सोफा घेऊन शेडच्या बाहेर येऊन बसले आणि विड्या ओढू लागले.

सहास दहा मिनिटे उरली तेव्हा बापू हताश होऊन बोलिले, "कॅमेरा चालू ठेवतो. काय करायचं ते करा." दोरी ओढिली. दार उघडे जाहले. एका बाजूस कप्तान, एका बाजूस राणी. कोणी हलेना. मग मुकुंदराव, कागदावर नव्हते ते बोलिले, "राणीसाहेब, आपण आधी."

"कप्तान, तुमी आधी."

"आत हवा कमी आहे. वाद घालू नका."

"मंग नका ना घालू. जावा."

बापूंनी थांबविण्यास हात वर केला. नरहरपंतांनी तो हात वरच धरिला.

मुकुंदराव उंबऱ्याकडे पाहून बोलिले, "मी पुढं गेलो नाही तर आपण पडता. पाच वेळा पाहिलं."

"आन् मी मागं ऱ्हायले नाही तर तुमाला येक अक्षर सुचत नाही. म्याबी पाच येळा बघितलं."

"सव्वा वर्ष ठाऊक होतं?"

"पयल्या दिवसापास्नं. तुमाला माझं?"

"तुरा चढवला त्या दिवसापासून."

"मंग बोलला का नाही?"

"आपण बोललात?"

यावर राणी झगा सावरून उंबऱ्यावर बसली आणि हाताने जागा झाडून बोलिली, "बसा." कप्तान बसले. दाराच्या बाहेर तारे, आत शंभर श्वासांची हवा, आणि उंबऱ्यावर दोघे खांद्यास खांदा लावून, कारण जागा अठ्ठावीसच इंच. "किती हवा उरली असेल?" कप्तानाने विचारिले. राणी बोलिली, "मोजू नगा. भांडताना बी लय जाती." "मग आपण आधी जा." "नाही, तुमी आधी."

इतक्यात सहा वाजले आणि शेजारच्या साम्राज्याने, आपला हक्क सुरू जाहला म्हणोन, मुख्य खटका ओढिला. अवघे तारे एकदम गेले. यान गेले, दार गेले. कॅमेरा आपल्या बॅटरीवर चालूच होता, त्यात काळोख भरत राहिला आणि काळोखात दोन आवाज: "अहो, जा ना." "आधी तुमी." मग हमालांनी सोफा आत आणिला.

बापूंनी विचारिले, "पंत, हा शेवट?" पंत अंधारात चष्मा पुशीत होते. बोलिले, "मी लिहिलेला नाही. म्हणून असेल."

शनिवारी तो भाग लागला. काळोख जाहला तेव्हा अर्ध्या लोकांनी टीव्हीस थापा मारिल्या, आणि मग उरलेल्या अर्ध्यांशी त्यांचा वाद जाहला की आधी कोण गेले. कोणी म्हणे कप्तान, कोणी म्हणे राणी, आणि जे नवराबायको एका सोफ्यावर बसून पाहत होते ते दुसऱ्या दिवशीही बोलले नाहीत. हुजुरांकडे पत्रांचे गठ्ठे गेले. हुजुरांनी पंतांस बोलावून विचारिले, "कोण गेलं आधी?" पंत बोलिले, "मला माणसं कळत नाहीत, हुजूर." हुजूर प्रसन्न होऊन आणखी तेरा भागांची सनद देते जाहले, आणि सुनेचा सोफा परत भिंतीपलीकडे गेला, त्याबद्दल ती त्या आठवड्यात पाच दिवस रडली.

पुढे पंधरा दिवसांनी शेडमध्ये तारे लागले. मुकुंदराव आणि सगुणाबाई आले आणि आल्याबरोबर पंख्यावरून भांडू लागले. इस्माईल मिस्त्री करवत घेऊन दाराशी उभे होते. त्यांनी पंतांस विचारिले, "साहेब, आता येळ हाय. दार रुंद करून टाकू का? दोघं आरामात जातील." नरहरपंतांनी दाराकडे पाहिले, उंबऱ्याकडे पाहिले, बुटाच्या ठोकरीने जेथला चंदेरी रंग उडाला होता त्या जागेकडे पाहिले, आणि बोलिले, "उंबऱ्याला हात लावू नका. आणि दार दोन बोटं अरुंद करा."

येणेप्रमाणे आकाशीचे राज्य बुडता बुडता वाचले. गनीम अद्याप यानाबाहेर उभा आहे आणि दोघांतले कोण आधी बाहेर येते याची वाट पाहत आहे. हकीकत संपली, वीज असेतो वाचावी.